स्टोव्हची पिन

आता स्टोव्ह येत नाहीत.
महिन्याला एखाददुसरा, तोही लग्नाच्या आचाऱ्याचा.
बाकी गॅसच्या शेगड्या, कुकरच्या शिट्ट्या
आणि निपाणीतल्या या गाळ्यावर
कन्नडात नव्यानं रंगवून घेतलेलं माझं नाव,
जे मला वाचता येतं,
पण कुणी हाक मारल्यासारखं वाटत नाही.

बाजार उठताना अक्कोळचा प्रज्योत आला.
बेळगावात इंजिनेरी शिकतोय.
मागं बघितलं, पुढं बघितलं, खिशातनं काढलं:
अंगठ्याएवढी काचेची टाकी, खाली पोलादी बूड.
"तवनाप्पाकाका, ह्यातनं जळका वास यायलाय.
बंदीचा माल हाय. घरात सांगू नगासा."

काय आहे ते मी विचारलं नाही.
वस्तू हातात घेतली की तीच बोलते.
फडक्यानं धरून पिळलं, सुटेना.
आटे चिकटलेले, काकवी सांडल्यागत.
वाटीत कोमट पाणी. त्यात ती.
तोवर एक शिट्टी दुरुस्त करून झाली.

मग सुटली.
आत तपकिरी रस.
"आंबा फ्लेवर," तो म्हणाला.
नाकाजवळ नेला.
होता आंबा.
आंब्याच्या खाली वखार होती.

माझी अक्काताई बावीस वर्षं
वखारीत तंबाखू चाळायची, तोंडाला पदर बांधून.
घरी आली की आधी न्हाणीत.
राखेनं हात, लिंबानं हात, मग साबण,
तरी तिच्या हातची भाकरी
पहिल्या घासाला कडू लागायची.
पोरं माझ्याकडं बघायची.
मी खाली बघून खायचो.

"ह्यात तंबाखू न्हाई काका, नुसती वाफ."
"बरं."

दोन रबरी रिंगा. एक सैल.
वॉशरचा डबा पालथा केला, एवढं बारीक माप
पंपाच्या जमान्यात कुणी केलंच नव्हतं.
काच धुतली. उजेडाकडं धरली. परत धुतली.
बुडात तारेची गुंडाळी, पाच वेढ्यांची,
वेढ्यांच्या पोटात कापूस, कोळसा झालेला.
चिमट्यानं ओढला तर तुकडे आले.

काजळी मी खरवडली नाही.
तार अशी, की रागानं बघितलं तरी तुटेल.
त्याला म्हटलं, दाब बटण, कोरडंच. हळू. सोड. दाब.
लाल झाली, मधल्या वेढ्यापासून कडेला,
नि काळं आपोआप सुटून पडलं.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
बर्नर तरी कुणी शिकवला होता?

हवेचं भोक मात्र बुजलेलं.
तिथं माझी पिन.
पत्र्याच्या पट्टीला टोचलेला केसाएवढा तुकडा.
घातली, फिरवली, काढली, फुंकलं.
जिभेला काहीतरी लागलं.
थुंकलो.

कापूस हवा होता.
बस्तीत न्यायला वळलेल्या वाती फळीवर होत्या.
एक उचलली.
धरून उभा राहिलो थोडा वेळ.
परत ठेवली.
"तुझा कापूस असंल तर काढ," म्हटलं.
होता त्याच्याकडं. दप्तरातच.

"आज जोडू नको. रात्रभर पालथं ठेव फडक्यावर.
ओलं जोडलंस तर गुरगुरंल.
नवा कापूस भिजायला दहा मिनिटं दे,
घाई केलीस की परत जळलंच म्हणून समज."
त्यानं मान हलवली, परीक्षेला हलवतात तशी.
"किती झाले?"
"दहा."
वीस ठेवून गेला.
सोडायचं का, हे मी बोललोच नाही.
तो गेल्यावर आठवलं,
किंवा गेल्यावर आठवायचं ठरवलं होतं.

हात धुतले. राखेनं, मग साबणानं.
लिंबू नव्हतं.
रात्री पहिला घास तोंडात धरून ठेवला,
गिळायच्या आधी
थोडा वेळ.

ती पिन फडक्यातच आहे अजून.
डब्यात परत टाकली नाही.
आचारी आला तर त्याला नवी काढीन,
शेकड्याचं पाकीट आहे,
संपता संपत नाही.