प्रश्न अकरावा

लातूरहून आलेली पोरगी,
गळ्यात ओळखपत्र, मांडीवर फॉर्म,
वाचून विचारते:
गेल्या चार आठवड्यांत तुम्हाला किती वेळा
बाहेर जेवायला जाणं टाळावं लागलं?
कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी.

बाहेर म्हणजे कुठं गं, बाई?
निलंग्यात बाहेर म्हणजे जाऊबाईचं घर.
बारसं, साखरपुडा, तेराव्याची पंगत.
शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या शेंगा,
आणि वाऱ्यानं आमच्या उंबऱ्यापर्यंत आलेली
दाण्याची लाल, पातळ सालं.
ती मी ओल्या फडक्यानं टिपते.
झाडूनं उडतात.

पोरगी "बऱ्याचदा"वर खूण करते.

चन्नवीर दोन वर्षांचा होता, शिवरात्र होती.
भगरीवर दाण्याची आमटी. दोनच घास.
आधी ओठ सुजले, मग डोळे, मग आवाज गेला.
लेकरू रडत होतं
आणि रडणं ऐकू येत नव्हतं.
मोटरसायकलवर दोघांच्या मधे त्याला दाबून धरलं,
औसा येईपर्यंत त्याच्या छातीवर माझा तळवा.
अजून रात्री झोपेत तळवा तिथंच जातो,
छाती हलली की परत येतो.
झोपेचा प्रश्न सातवा आहे.

सासूबाई म्हणाल्या, आमच्यात असलं कधी नव्हतं.
खरंच नव्हतं. माझ्या माहेरीही नव्हतं.
मग आलं कुठून, हे कुणी विचारलं नाही,
नुसतं माझ्याकडं बघत राहिले.

सिस्टरनं सुई शिकवली ती मोसंबीवर.
अशी धरायची. मांडीच्या बाहेरच्या अंगाला.
विचार करत बसायचं नाही.
घरी येऊन मी डझनभर मोसंब्या टोचल्या.
नवरा म्हणाला, आता रस काढू का यांचा?
लई दिवसांनी हसलो दोघं.
सुईत नुसतं पाणी होतं,
तरी रस प्यायला कुणी धजलं नाही.

आणि येळवस.
अख्खं शिवार जेवत असतं त्या दिवशी.
कडब्याच्या कोपीत पांडव मांडलेले,
भज्जीचं पातेलं, आंबिलीचा बिंदगा,
वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक, या की जेवायला!
त्या हाकेला नाही म्हणायचं नसतं.
पाच वर्षं मी म्हणत आले:
त्याचं पोट बिघडलंय, त्याला ताप आहे,
आम्ही आत्ताच जेवलो.
यंदा बिराजदारांच्या बांधावर
काकूनं डाव उचलला, मी तोंड उघडणार,
तेवढ्यात चन्नूच म्हणाला,
काकू, यात दाणे हायत का?
आज वार कुठला, असं विचारावं तसं.
हायत की रे.
मग नको मला. बोरं देता का?
काकूनं ओंजळभर बोरं दिली.
मी हरभऱ्याकडं तोंड करून
उगाच घाटे मोजत राहिले.

प्रश्न अकरावा:
स्वतःच्या आवडीचं काही करायला मिळतं का?

पोरगी पेन धरून बसलीय.
हिला सांगू?
की माझ्या बापाच्या रानात शेंगाच असायच्या,
ओटीतनं घरी आणायचे, मातीसकट.
की मागच्या महिन्यात, रिपोर्ट आणायला एकटीच गेलेली,
लातूरच्या स्टँडावर, रसवंतीच्या मागं उभी राहून
दहा रुपयांच्या भाजक्या शेंगा खाल्ल्या.
गरम. एकेक फोडून. टरफलं तिथंच टाकून.
मग साबणानं तीनदा हात धुतले, चूळ भरली,
पदर झटकला, पुन्हा झटकला,
गाडीत बसल्यावर नखं बघितली.
घरी आल्या आल्या लुगडं भिजत घातलं.
रात्री तो म्हणाला, आई, आज पापा नाही?
दात दुखतोय रे, म्हटलं,
आणि तोंड भिंतीकडं केलं.

क्वचित, मी म्हणते.
लिही, क्वचित.