दहा बाय दहा

वैराटच्या उतारावर चार खुंट्या, निळी नायलॉनची दोरी.
दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद,
आज माझ्या वाट्याचं जंगल एवढंच.
जानेवारी. कुसळीच्या पात्यांवर दहिवर गोठलेलं,
बूट टेकला की बारीक काच चुरडल्याचा आवाज.

हातात तक्ता.
कुठल्याशा बर्फाच्या डोंगरांवर
बीच नावाच्या झाडांची राई मोजायला कुणी आखलेला,
झेरॉक्सची झेरॉक्स होत होत
अमरावतीच्या आमच्या विभागापर्यंत पोचलेला.
पहिला थर, माथ्याची झाडं.
दुसरा, झुडपं.
तिसरा, गवत आणि वेली.
चौथा, शेवाळ.

"बीच?" सुगराय दारसिंबे विचारते,
दोरीचं टोक कमरेला खोचून.
"कशाच्या बीच?"
झाडाचं नाव आहे मावशी, थंड मुलखातलं.
साल गुळगुळीत. त्याच्या दाट सावलीत
दुसरं फारसं काही वाढत नाही म्हणतात.
"मंग एकटंच राह्यते का थे?"
मला ठाऊक नाही. मी पाहिलेलं नाही.

मोजू लागतो.
साग सात. पानांची किड्यांनी केलेली जाळी
अजून फांद्यांवर, ऊन तिच्यातून चाळून खाली येतं.
ऐन दोन, मगरीच्या पाठीसारखे भेगाळलेले.
धावडा, लेंडिया, तेंदू.
मधमाश्यांनी सोडलेलं एक पोळं. (त्याला रकाना नाही.)
अस्वलाची नखं, सालीवर चार, जुनी. (यांनाही नाही.)
आणि मोहा, नेमका दोरीवर.
नियम असा की बुंधा निम्म्याहून जास्त आत असेल
तरच धरावा.
मी टेप लावते. चार बोटं कमी पडतात.
"फुलं त आतच पडतात त्याचे,"
सुगराय म्हणते, आणि त्याच मोह्याला पाठ लावून
तंबाखू मळत बसते.

खाली मुरुडशेंग, धायटी, कुड्याची पोरं.
तिखाडी, पायाखाली आली की
अख्खा उतार वासानं जागा करणारी.
चौथ्या थराशी माझं पेन थांबतं.
ऐनाच्या बुडाशी नुसते काळे, करपट डाग.
शेवाळ, निरंक, लिहू?
ती बाटलीतलं झाकणभर पाणी त्या डागावर ओतते
आणि परत तंबाखूकडे वळते.
मी बघत राहते.
आधी काहीच नाही.
मग काळ्यातून पोपटी,
एकेक केस उलगडावा तसं.

बिजाचं एक रोप, उंची एक वीत.
वय या रकान्यात मी अंदाजानं लिहिते, एक वर्ष.
"काय लिवलं?"
एक वर्ष.
हसत नाही. विळा घेते, बुडाची माती उकरते,
हातभर खाली जाऊन थांबते.
मुळी माझ्या मनगटाएवढी.
"दर सालच्या आगीत वरचं जळते याचं.
पावसात पुन्हा एवढंच येते.
मायं लगन झालं तवा बी एवढंच होतं."
लग्न कधी झालं?
ती बोटं मोजते, सोडून देते.
"थोरला तुयापेक्षा मोठा हाये."

माती लोटते, टाचेनं दाबते,
विळा लुगड्याला पुसते.
मी एक वर्ष खोडते.
रकाना रिकामा राहतो. विभागात विचारतील.

ऊन चढतं, दहिवराचं पाणी होतं,
पाण्याचं काहीच नाही.
दोरी गुंडाळताना निळ्या धाग्यात
कुसळं अडकून आलेली, शंभरेक,
ती काढत बसलो तर पुढचा चौकोन आज होणार नाही.
राहू देते.
पुढच्या चौकोनात ती तिथली नसूनही उतरतील.

उठण्याआधी समासात लिहून घेते,
मोहा एक. दोरीवर.
अक्षर थोडं तिरपं आलंय,
तक्ता मी त्याच्याच बुंध्याला टेकवला होता.