शेवटच्या जाळीवरचं घर

फर्मागुडीच्या टेकडीवर, वर्कशॉपमागच्या शेडमध्ये
आमचा वारा राहतो.
लाकडी बोगदा. एका टोकाला पंखा,
दुसऱ्या टोकाला जाळ्या, एकीमागे एक अशा चार.
बाहेरची हवा त्यांतून गाळून घ्यायची,
आई नारळाचा रस गाळायची तशी,
दोनदा, फडक्यातून.

मध्ये सव्वा मीटरची घासलेली पट्टी.
तिच्या अगदी अंगाला लागलेली हवा थांबलेली असते.
थांबलेली म्हणजे थांबलेलीच,
वरून सेकंदाला पंधरा मीटर धावत असली तरी.
थांबलेली आणि धावणारी, यांच्यामधली जागा
उकड्या तांदळाच्या दाण्याएवढी.
तेवढ्यात माझी साडेतीन वर्षं.

केसाहून बारीक तापती तार
मी पट्टीवरून सरकवत नेते.
पडद्यावर हिरवी रेघ.
सरळ. सरळ. मग एक टाळी,
तियात्रात मागच्या बाकावरून कुणीतरी
भलत्याच वाक्याला वाजवतो तशी.
पुन्हा शांत.
मग इकडे दोन, तिकडे तीन,
आणि मग अख्खं सभागृह.
संथ हवा खवळते ती अशी,
ठिपक्याठिपक्यांनी.
कुठे रेघ मारून दाखवता येत नाही.

हे एकशेदहाव्या सेंटीमीटरला व्हायला हवं होतं.
मंगळवारपासून चाळिसाव्याला होत होतं.
भोबे सर म्हणाले, पट्टी घास. घासली.
तार बदल. बदलली. दोन तुटल्या.
(तिसरीच्या वेळी रडले, ते वहीत नाही.)

निवृत्तीला चार महिने उरलेला कायतान
टॉर्च घेऊन बोगद्याच्या तोंडात कमरेपर्यंत शिरला.
आतून आवाज आला,
"बाय, हांगा कोण तरी रावता."

शेवटच्या जाळीवर कुंभारीण माशीनं
मातीचं घर बांधलं होतं.
तीन खोल्या. एक अजून ओली.
सुपारीएवढ्या चिखलामागे वारा विस्कटत होता,
आणि एवढं गाळूनही
पट्टीला बाहेरचं सगळं आधीच कळत होतं.

घर काढायच्या आधी, असू दे म्हणून,
आम्ही छताचे स्क्रू फिरवले.
छत पुढे खाली आलं. बोगदा निमुळता झाला,
दाब उतरत गेला, हवेला उतार मिळाला.
माशी जाळीवर तशीच होती,
तरी टाळ्या मागे हटल्या. साठ. पंच्याहत्तर.
"देंवतेर सगळेच शाणे," कायतान म्हणाला.
तो रोज फोंड्याहून जुनी स्कूटर
पहिल्या गिअरात वर आणतो.

मग छत उचललं. आता दाब समोरून चढत येणारा.
चढाला लागलेली संथ हवा लवकर दमते.
तळाची तर आधीच थांबलेली,
ती उलटी वळते, पट्टी सोडून देते.
पण आधीच खवळलेली
वरचा वेग खाली ओढून आणते,
उसना, मूठमूठ,
आणि चिकटून राहते.
पार टोकापर्यंत चिकटून होती.
हे पुस्तकात आहे. मी परीक्षेत लिहिलंय.
पाहिलं तेव्हा मात्र
थोडा वेळ काही बोलता आलं नाही.

कायताननं घर पत्र्याच्या पट्टीनं सोडवून
खिडकीच्या चौकटीवर ठेवलं.
माशी जाळीवरच परत आली,
घर होतं तिथे घिरट्या घालत राहिली.
दुपारभर आम्ही पंखा लावला नाही.

प्रबंधात मी लिहिलं:
खळबळ, दीड टक्का. कारण, कुंभारीण.
सरांनी ते खोडून
'बाह्य अडथळा' केलं.

काल संध्याकाळी पुन्हा मोजलं.
एकशेसात.
तीन सेंटीमीटरांचा हिशेब लागत नाही.
कायतान म्हणतो, शेडचं दार नीट बसत नाही,
बिजागरी आण, लावून देतो.

मी अजून आणलेली नाही.