लडीतला केस

कांड्या भरता भरता सापडला.
चांगला दोन हात लांब,
काळा, सरळ, तेल न लागलेला.
आमच्यापैकी कुणाचाच नाही.
आमच्या आळीत सगळ्यांच्या केसांना वळण,
आणि खोबरेलाचा वास.

गोव्याहून वसई, वसईहून घोडबंदर,
तिथून भरती धरून ठाण्याची खाडी:
रेशीम येतं ते असं.
त्याच्या अलीकडचं मला ठाऊक,
पलीकडचं हंसजी दलालाला.
"चीन," तो म्हणतो
आणि हात असा करतो,
जणू कळव्याच्या जरा पुढेच.

मी केस दातात धरून ओढला.
तुटला नाही.
म्हणजे तिथंही एक बाई बसलेली असते,
मान खाली,
धागा उकलत.

माझ्या आजीला दोन नावं होती.
एक पाद्रीबाबानं पाण्यासकट दिलेलं, मोनिका.
दुसरं चुलीपाशी हाक मारायचं.
मला एकच, इझाबेल.
दुसरं द्यायला ती विसरली
की भ्याली,
विचारायचं राहून गेलं.

आजोबा विणायचे तेव्हा मजुरी भातात.
बापाच्या हयातीत तो शब्द आला, पगार.
आधी बंदरावर, मग मिठागरात,
मग आमच्या उंबऱ्यातून
वहाणा न काढता आत.
भात मापताना देणाऱ्याचा हात जरा सैल पडायचा,
मापावर शीग राहायची.
बझारुकांना शीग नसते.
कथलाची ती, मोजली की मोजली,
वर काही उरत नाही
पाखरांनासुद्धा.

गेल्या साली दोन गासड्या आल्या.
यंदा एक, तीही भिजकी.
"वलंदेजांनी कोची घेतली," हंसजी म्हणाला.
कोण वलंदेज, कुठली कोची!
मला कळतं ते इतकंच,
सूत संपलेला माग
जास्त वाजतो.

पास्कोल, माझा भाऊ, तीन रात्री बोलला नाही.
चौथ्या दिवशी म्हणाला, "मुंबईला.
इंग्रजाला विणकर हवेत.
जागा देतो, आगाऊ पैसे देतो,
आणि देव कुठला ते विचारत नाही."
"ते बेट तर नुसतं चिखल आणि ताप," मी म्हटलं.
"इथं काय आहे?" तो म्हणाला.
मी बोट दाखवायला हात उचलला
आणि तसाच खाली घेतला.

शेवटचा तागा किरमिजी होता.
तो केस मी फेकला नाही,
कांडीवर चढवला.
माझाही एक उपटून शेजारी.
धोट्याला काय कळणार,
त्यानं दोन्ही नेले इकडून तिकडे,
फणीनं ठोकले.
पास्कोल खोकत विणत होता,
त्यालाही नाही कळलं.
हंसजीनं तागा उजेडात धरला,
बोटं फिरवली, दोन जागी थांबली,
आणि चार बझारुकं कापून
बाकीची मोजली.

चेंदणीच्या धक्क्यावर मचवा लागला.
फणी गेली, तुरई गेली, वह्या गेल्या,
पोरं गेली, कोंबड्या टोपलीत.
खड्डा नेता येईना.
चौकोनी, मांडीएवढा खोल,
तीन पिढ्यांच्या टाचांनी गुळगुळीत.
दुमिंगा वहिनी रडताना
दाराची चावी कमरेला तशीच खोचून गेली.
तेव्हापासून दार उघडंच असतं.

बाईनं मागाच्या खड्ड्यात पाय सोडू नये
असं कुणी सांगितलं होतं का मला?
आठवत नाही.
कधी सोडले नव्हते एवढं खरं.
आता दुपारी तिथंच बसते
रहाट घेऊन.
भाड्यानं सूत काढून देते राबोडीच्या मोमिनांना,
त्यांच्याकडे दोन माग अजून चालतात.
तळाशी माती गार लागते.
बापाच्या टाचेचा खळगा
माझ्या टाचेला मोठा होतो.

तागा कुठं गेला असेल?
कुणा साहेबाच्या खांद्यावर, वेदीवर,
की गलबताच्या पोटात कसर लागून.
कुणी नाकाशी नेला तर
खोबरेलाचा वास येईल,
निदान एका धाग्याला.

तिकडच्या बाईला चुलीपाशी
काय म्हणून हाक मारत असतील?