आईचं खातं

नागेंद्र पुण्याला गेला तेव्हा कॉम्प्युटर इथंच ठेवून गेला,
खानापूरच्या घरात, खिडकीपाशी,
आणि त्यात त्याचं खातं उघडंच राहिलं,
कडी न लावता माणूस शेतात जावा तसं.

आम्ही सगळे त्याच दारानं आत-बाहेर.
बाबांची कौलांची बिलं,
माझे नोकरीचे अर्ज,
आईच्या गुडघ्याचा एक्स-रे,
नरसूनं उतरवून घेतलेल्या कुस्त्या,
सगळं वर जायचं, ढगात,
आणि हडपसरला त्याच्या फोनात उतरायचं.

एका रात्री त्याचा फोन :
"संगे, अर्जात तारीख चुकलीय गे तुझी."
मी गारच.
"आणि आई त्या फोटोत रडतीया का हसतीया?"
कुठला फोटो, मला माहीत नव्हतं.
आई उठून ताटं घ्यायला गेली.

रविवारी बसले.
त्याचं खातं यंत्रातून बाहेर काढलं.
आधी गेलेलं त्याच्याकडंच राहिलं,
ते काही परत मागता येत नाही.
मग पडद्यावर एकेक गोल :
बाबांचा, त्यात कौलाचं चित्र.
माझा, त्यात काहीच नाही.
"आता एकाचं दुसऱ्याला दिसायचं नाही."
बाबा म्हणाले, "घरात कसलं आलंय एकाचं नि दुसऱ्याचं?"
आणि पासवर्ड घालताना
कीबोर्डवर टॉवेल धरला.

आईच्या गोलाखाली मी 'सुनंदा' लिहिलं,
बाबांनी लग्नात तांदळावर अंगठीनं लिहिलेलं.
"ते राहू दे वर," ती म्हणाली,
"आतलं मी घालते. कन्नड कर की ते."

बैलहोंगलची ती.
आमच्याशी मराठीत भांडते,
दुधाचे पैसे मात्र कानडीत मोजते.

यंत्रानं ती अक्षरं घेतली नाहीत.
मराठीही घेत नव्हतं.
तिथं दोघींनाही दार बंद, भांडणच नको.
मग सातवीतली इंग्रजी अक्षरं
एका बोटानं हुडकत राहिली,
सुपात मसूर निवडावी तशी.
मी भिंतीकडं तोंड करून.
टक्.
बराच वेळ काही नाही.
टक्.

लग्नाआधी तिला काय म्हणायचे?
मामा अक्का म्हणतात.
आजी होती तेव्हा मी विचारलं नाही.

"आठ पाहिजेत म्हणतंय," ती म्हणाली, "माझी सहाच."
मग ओठातल्या ओठात दोन आकडे,
तेही घातले.

आता दुपारी बाबा झोपले की
ती खुर्चीत बसते, दार सताड उघडं टाकून.
कुणी विचारलंच तर, एक्स-रे बघत होते.

काल नागेंद्रचा फोन :
"आईचं काहीच येईना गे इकडं."
मी स्पीकर लावला.
आई वाटी पुसत म्हणाली,
"येतंय की. मी पाठवलं तर."