यांचा डबा

वाशीला, सेक्टर सतरात,
कुत्र्यांच्या दुकानात यंदा करंज्या आल्यात.
हाडाच्या आकाराच्या, सोनेरी रिबीन,
चार नग तीनशे ऐंशी.
मी चष्मा खाली घेतला, खोका उलटा केला.
रबाळ्याच्या कंपनीत एकतीस वर्षं
लेबलं तपासण्यात गेली माझी,
समोरची बाजू मी वाचत नाही.

"एकदम नॅचरल आहे काकू," पोरगी म्हणाली.
मागे मुंगीएवढ्या अक्षरांत
साखर, मीठ, रंग क्रमांक एकशे दोन.
हा पिवळा माझ्या चांगल्या ओळखीचा.
खोका जागेवर ठेवला, सरळ करून.

मुनीम दाराशी बसून होता.
घणसोलीत देवशीच्या वाणसामानाच्या दुकानात
तराजूवर नजर ठेवून असायचा,
म्हणून हे नाव. यांनी ठेवलेलं.

घरी येऊन हिशेब केला.
लाडवात बेदाणे : मूत्रपिंडाची वाट.
कांदा घातलेला चिवडा नको, चकली खारट,
आणि फडणिसांकडून आलेली चॉकलेट बर्फी
तर टेबलाच्या कडेलासुद्धा नको.
उरलं काय? नाचणी. लाल भोपळा. एक अंडं.
मळलं, लाटलं,
कातण्यानं कापलं शंकरपाळ्यांसारखं.
त्याला नक्षी कळत नाही
पण सण आहे.

भरायला डबा शोधू लागले
तर माळ्यावरून तोच हाताशी आला.
झाकणावर चिकटपट्टी, माझं अक्षर :
'यांचे. साखर नाही.'
तीन दिवाळ्या हा डबा वेगळा निघायचा
आणि तीनही दिवाळ्या हे एक तुकडा तोंडात घालून म्हणायचे,
"कुत्रंसुद्धा खाणार नाही, असलं."
भाऊबिजेपर्यंत डबा रिकामा.
मला वाटायचं, बोलतात तेवढंच.

आज झाकण उघडलं.
मुनीमनं आधी डबा हुंगला, बाहेरून,
चिकटपट्टीपाशी बराच वेळ,
मग उठला आणि
यांच्या खुर्चीच्या डाव्या हाताखाली जाऊन बसला.
मान वर. जिभेवर पाणी.

असं होतं होय.

खाली कुणीतरी माळ लावली.
तो दचकला, पण जागा सोडली नाही.
मग मीच त्या खुर्चीत बसले,
डावा हात खाली सोडला.
खातंय हो, बघा. कुत्रं खातंय.

एक मीही तोंडात टाकली.
मीठ हवं होतं.