मागची बाजू

जालन्यात, सळया ओढणाऱ्या कारखान्यांच्या मागं,
जिथं बाभळीसुद्धा काजळी धरून उभ्या असतात,
तिथं एक गोदाम आहे असं मी बावीस वर्षं समजत होतो.
वर पत्रा. पत्र्यावर क्रूस,
तो मला टीव्हीचा जुना अँटेना वाटायचा.

एलियम्मा सिस्टर म्हणाल्या, या एकदा, सर,
तुम्ही ड्रॉइंगचे, तुम्हाला आवडंल.
सिव्हिलमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या बाई,
मराठी आमच्यासारखीच,
फक्त ‘ळ’ आमच्याहून खोल.

चपला दाराशी काढायच्या, हे ओळखीचं.
आत समई, आपलीच, पितळी,
पण मोर बसतो तिथं क्रूस.
बराच वेळ तिच्याकडंच बघत राहिलो,
परक्या घरात आपलं नाव घातलेलं ताट दिसावं तसा.

कमान बदनापूरच्या मिस्त्रीची,
त्यानं कुठल्या तरी दर्ग्यावरून डोळ्यांनी उचललेली.
टोकाशी बोटभर चुकलीय.
चूक कुणी फोडली नाही,
तिला निळा रंग दिला.

पुढं तीन पायऱ्या, आणि लाल मखमलीचा पडदा.
मला वाटलं, आता तिसरी घंटा होणार.
सिस्टर म्हणाल्या, पडदा ओढला की समजायचं
आत असं काही चाललंय
जे बघायचं नसतं.
पोरांना जन्मभर सांगत आलो, नीट बघा, नीट बघा.
न बघणं हा धडा माझ्याकडं नव्हताच.

डाव्या भिंतीवर पाटाएवढं चित्र.
फणसाची फळी, अंड्याच्या बलकात कालवलेले रंग.
अच्चननी कोट्टयमहून रेल्वेत मांडीवर घेऊन आणलेलं.
कुणी काढलं?
काढत नाहीत, सर. लिहितात.
सही कुठंच नव्हती.
आमच्या गल्लीतल्या बाया आठवल्या,
पोळ्याला ओल्या गेरूनं भिंतीवर बैल लिहायच्या,
आणि मी हसून सुधारायचो:
लिहिला नाही, काढला म्हणा.

आई. मांडीवर मूल,
मूल कसलं, लहान मापाचा प्रौढ माणूस.
सावली कुणालाच नाही.
उजेड कोणत्या बाजूनं, हे विचारायची सोयच नाही,
मागं सगळं सोनं.
आणि आईच्या पायाखालचा पाट
मागच्या बाजूला रुंद.

चुकलंय, म्हणणार होतो.
लाल पेन्सिल निवृत्त होत नसते.
पण पाटाच्या कडांमागं डोळा गेला तर
त्या लांब जाऊन मिळेनात,
उलट्या पुढं येत राहिल्या, फळीच्या बाहेर, हवेत,
आणि जिथं मिळाल्या तिथं
माझा सदरा होता,
वरून दुसरं बटण.

सुलोचना खिल्लारे. आठवी ब.
एलिमेंटरीची तयारी, स्मरणचित्र, विषय: हौद.
तिनं हौद मागं रुंद काढला होता.
अगं, लांबचं ते लहान दिसतं.
म्हणाली, सर, पण तिकडच्या अंगाला
बाया जास्त उभ्या ऱ्हातात.
वर्ग हसला. मी फुली मारली.
पुढच्या तासाला तिनं वही आणली नाही,
त्याच्या पुढच्या तासालाही.

तेवढ्यात आत घुंगरांच्या चकत्या किणकिणल्या,
बाहेर दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला,
पडदा सरकला.
काय दिसलं ते सांगत नाही.
खरं तर मी पाटाकडंच बघत होतो.

परतूरला दिलीय म्हणे तिला.
पत्ता कुणाकडं नाही.

रात्री लाइटबिलाच्या पाठीवर
एक पाट काढायला घेतला, मागं रुंद.
हात ऐकेना. चार वेळा काढला.
चारही वेळा तो माझ्यापासून
दूर निघून गेला.